चौसाळ्याच्या खिशातला डेटाबेस

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघालं आणि मांजरसुंबा मागे टाकलं की महामार्गावर चौसाळा लागतं. तिथे एसटीची वाट बघणाऱ्यांपैकी ज्याच्या ज्याच्या खिशात स्मार्टफोन आहे, त्या प्रत्येकाजवळ एक सबंध डेटाबेस आहे. बहुतेकांना त्याचं नावही ठाऊक नसतं. अँड्रॉइड फोनमधली नंबरांची यादी, बँकेकडून आलेले एसएमएस, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झालेलं सगळं बोलणं हे फोनच्या आत तक्त्यांमध्ये मांडून ठेवलेलं असतं आणि ते तक्ते सांभाळतं एसक्यूलाइट नावाचं सॉफ्टवेअर. आयफोनमध्येही तेच आहे. एअरबसच्या ए-350 विमानांतही तेच आहे. ते मुख्यतः तीन माणसांनी लिहिलं, त्यावरचा मालकी हक्क सोडून दिला आणि कोणीही, कशासाठीही वापरावं म्हणून जगापुढे ठेवलं. आज जगात एक लाख कोटींहून जास्त एसक्यूलाइट डेटाबेस वापरात असावेत, असा त्याच्या कर्त्यांचा अंदाज आहे. पृथ्वीवर माणसं आठशे कोटींच्या घरात आहेत. म्हणजे माणशी शंभरावर डेटाबेस झाले.

फुकट मिळणाऱ्या वस्तूबद्दल आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो भरवशाचा. समजा, चौसाळ्यातल्या एखाद्या पतसंस्थेने जुना हिशेब नव्या संगणकावर आणायचं ठरवलं. सॉफ्टवेअर करून देणारा पोरगा म्हणाला, की आत पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस आहे, ओपन सोर्स आहे, त्याचे पैसे लागत नाहीत. संचालकांपैकी कुणीतरी विचारणारच, ‘फुकटचं आहे, उद्या काही झालं तर जबाबदार कोण?’ त्यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘अहो काका, ॲपल वापरतंय, इन्स्टाग्राम वापरतंय. त्यांचं चालतंय तर आपलं नाही का चालणार?’ आणि विषय मंजूर होतो. या उत्तरात नेमकं किती बळ आहे हे शोधायला गेलं की संगणकाच्या जगातल्या काही फार सुंदर गोष्टी हाती लागतात. त्या सांगाव्यात म्हणून हे लिहितो आहे.

आधी डेटाबेस कोणता शब्द देतो ते पाहू. एका शेतकऱ्याच्या खात्यातून सोयाबीनच्या पट्टीचे 40,000 रुपये त्याच्या मुलीच्या खात्यात वळते करायचे आहेत. कामं दोन आहेत, इथून वजा आणि तिथे जमा. वजा झालं आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. आता पैसे कुणाच्याच खात्यात नाहीत. असं कधीही होणार नाही, दोन्ही कामं होतील किंवा एकही होणार नाही, हा तो शब्द. तो पाळण्याची युक्ती थक्क करणारी आहे. खात्यांना हात लावण्याआधी डेटाबेस ‘मी हे आणि हे करणार आहे’ अशी नोंद एका वेगळ्या फायलीच्या शेवटी करतो. ती नोंद संगणकाच्या मेमरीत न राहता खरोखर डिस्कवर उतरली, याची ग्वाही ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतो. ग्वाही मिळाल्यावरच तो ‘झालं’ असं सांगतो. लाइट गेली, संगणक बंद पडला, तासाभराने परत सुरू झाला, तर तो सगळ्यात आधी ती फाइल वाचतो. पूर्ण झालेल्या नोंदींप्रमाणे खाती दुरुस्त करतो आणि अर्धवट राहिलेल्या सोडून देतो. माणूस खुर्चीत येऊन बसेपर्यंत हिशेब जुळलेला असतो.

ही युक्ती कागदावर सोपी दिसते. पण तिच्यात शंभर ठिकाणी चूक होऊ शकते आणि ती चूक वर्षानुवर्षं दिसतही नाही. ती बाहेर यायला प्रचंड वापर लागतो. मोठ्या कंपन्या या गोष्टीत शिरतात त्या इथे.

एसक्यूलाइटचा जन्म सन 2000 मधला. रिचर्ड हिप हा अमेरिकन प्रोग्रामर अमेरिकेच्याच नौदलाच्या ऑस्कर ऑस्टिन या विनाशिकेसाठी काम करत होता. जहाजाला मार लागला तर कोणत्या झडपा बंद करायच्या, हे सांगणारा त्याचा प्रोग्राम होता. माहिती दुसऱ्या एका डेटाबेसच्या सर्व्हरमध्ये असायची आणि तो सर्व्हर बंद असला की पडद्यावर चूक हिपच्या प्रोग्रामची दिसायची. त्याला वाटलं, मधे सर्व्हर हवाच कशाला? प्रोग्रामने थेट डिस्कवरची फाइल वाचावी. त्यातून एसक्यूलाइट उभं राहिलं. पुढे ते वापरायला मोटोरोला आली, नोकियाच्या फोनमधली सिंबियन प्रणाली आली, मग गूगलचं अँड्रॉइड आलं. लक्षावधी हातांत गेल्यावर, तोवर कधी न दिसलेले दोष वर येऊ लागले. छोट्या वापरात जे दहा वर्षांत एकदा घडेल ते तिथे रोज कुठे ना कुठे घडत होतं.

हिपने यावर जे केलं त्याला तोड नाही. विमानातल्या सॉफ्टवेअरसाठी तपासणीचा एक कडक दंडक आहे. प्रोग्राममध्ये जिथे जिथे ‘असं असेल तर’ असा निर्णय आहे, तिथल्या प्रत्येक अटीने निकाल एकटीच्या जोरावर बदलतो, हे चाचणीने दाखवावं लागतं. कुणी सक्ती केलेली नसताना त्याने हा दंडक आपल्या फुकट सॉफ्टवेअरला लावला. आज एसक्यूलाइटचा मूळ कोड सुमारे दीड लाख ओळींचा आहे आणि त्याची परीक्षा घेणारा कोड नऊ कोटींहून जास्त ओळींचा, म्हणजे मूळ कोडच्या जवळपास 590 पट. चाचण्या चालू असताना मुद्दाम मेमरी संपवली जाते, डिस्क बिघडल्याचं सोंग केलं जातं, लिहिता लिहिता लाइट गेल्याचं नाटक केलं जातं. आणि 2050 सालापर्यंत आपण याची देखभाल करणार, असं हिप आणि त्याच्या साथीदारांनी जाहीर करून ठेवलं आहे.

एवढं सगळं होऊनही 2015 मध्ये मिखाल झालेव्स्की या सुरक्षा-तज्ज्ञाने वेडेवाकडे, मोडतोड केलेले आदेश आपोआप तयार करणारं एक साधन एसक्यूलाइटवर सोडलं आणि 22 दोष काढून दाखवले. एसक्यूलाइटवाल्यांनी ते लगेच दुरुस्त केले आणि झालेव्स्कीची ती रीतच आपल्या नेहमीच्या चाचण्यांत घेतली.

‘मोठे वापरतात’ या वाक्याचा मला कळलेला अर्थ हा असा आहे. मोठ्यांनी वस्तू घेतली म्हणजे ती आपटली गेली, ताणली गेली, आणि कुठे तडा गेला ते चारचौघांत नोंदवलं गेलं. भरवसा त्या नोंदीवर ठेवायचा. ज्या डेटाबेसच्या दोषांची यादी उघड आहे, कोणी शोधला, कधी दुरुस्त झाला, कोणत्या आवृत्तीत गेला हे जिथे तारखेसह वाचता येतं, तो डेटाबेस ‘आमच्यात दोष नाहीत’ म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त विश्वासाचा.

पण मोठ्यांचं उदाहरण समोर नसतंच, तेव्हा काय करायचं? याचं जगातलं सगळ्यात मोठं उत्तर आपल्या देशात आहे आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रात झाली. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. त्यानंतर एकशे तीस कोटींहून जास्त क्रमांक दिले गेले. कोट्यवधी माणसांचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची चित्रं साठवायची, आणि नवा माणूस आला की तो आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे ना, हे ताडून बघायचं. एवढ्या लोकसंख्येसाठी हे तोवर जगात कुणीच केलेलं नव्हतं. ‘अमुक कंपनीचं चालतंय’ असं म्हणायला अमुक कंपनीच नव्हती. तरीही त्या यंत्रणेच्या पोटात मायएसक्यूएल, एचबेस असे ओपन सोर्स डेटाबेस घेतले गेले. रचना करणाऱ्यांनी धोरण असं ठेवलं, की साधे, बाजारात मिळणारे संगणक घ्यायचे, भार वाढला की आणखी जोडत जायचं आणि कुठल्याही एका विक्रेत्याच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही. एखादा भाग पुरा पडला नाही तर तो काढून दुसरा बसवता आला पाहिजे. हा भरवसा कुणाच्या नावावर टेकलेला नव्हता. उद्या चूक ठरलो तर मागे फिरता येईल, या सोयीवर तो टेकलेला होता. पुढे मार्च 2015 मध्ये केंद्र सरकारने सरकारी प्रणालींत ओपन सोर्सला पसंती देण्याचं धोरणच जाहीर केलं.

नावावर टेकलेला भरवसा किती लवकर शिळा होतो ते कॅसांड्राच्या उदाहरणात दिसतं. हा डेटाबेस फेसबुकच्या आतच जन्मला. अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक या दोघांनी तो रचला आणि 2008 मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. ‘फेसबुकचा डेटाबेस’ म्हणून लोकांनी तो डोक्यावर घेतला. 2010 मध्ये फेसबुकने आपल्या नव्या संदेशसेवेसाठी एचबेस निवडला. घरचं मूल बाजूला राहिलं. आता फेसबुककडे बघून कॅसांड्रा घेतलेल्यांनी काय करावं? पण कॅसांड्रा मेला नाही. नेटफ्लिक्सने तो घेतला आणि ॲपलने 2014 मध्ये आपल्याकडे 75,000 हून जास्त सर्व्हरवर तो चालतो असं सांगितलं. एका मोठ्याने सोडलं, दुसऱ्या मोठ्याने उचललं. दोघांचीही कारणं आपापल्या कामापुरती खरी होती.

यापेक्षाही बोलकी गोष्ट उबरची, आणि तिची वाट पुण्यातून जाते.

पोस्टग्रेसची सुरुवात 1986 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर या प्राध्यापकांच्या हाताखाली झाली. 1996 पासून जगभरातल्या प्रोग्रामरांचा एक समुदाय तो पुढे नेतो आहे. त्याची एक खासियत आहे. खात्यातली रक्कम बदलली तर तो जुनी ओळ खोडत नाही. बदललेली ओळ नव्याने दुसरीकडे लिहितो आणि जुनी काही काळ तशीच ठेवतो. त्यामुळे त्याच वेळी कुणी वर्षअखेरचा ताळेबंद काढत बसलं असेल, तर त्याला सुरुवातीचं चित्र शेवटपर्यंत स्थिर दिसतं. लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. ही सोय फार मोठी आहे, पण तिची किंमत द्यावी लागते. ओळ नव्या जागी गेली की तिचा पत्ता सांगणाऱ्या सगळ्या सूच्यांमध्ये नवी नोंद करावी लागते. खाते क्रमांकाची सूची, नावाची सूची, गावाची सूची, सगळीकडे. शिवाय जुन्या ओळींचा केर साठतो, तो वेगळा काढावा लागतो.

4 फेब्रुवारी 2008 रोजी पोस्टग्रेसची 8.3 ही आवृत्ती आली. तिच्यातल्या मोठ्या सुधारणेपुढे नाव होतं पवन देवलसी. एंटरप्राइजडीबी या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात ते तेव्हा होते. त्यांची कल्पना अशी: सूचीत असलेली कोणतीच गोष्ट बदलली नसेल, म्हणजे नाव तेच, गाव तेच, फक्त रक्कम बदलली असेल, आणि त्याच पानावर जागा असेल, तर नवी ओळ त्याच पानावर लिहायची. सूच्यांना हातच लावायचा नाही. सूची जुन्या पत्त्यावर नेऊन सोडेल, तिथून नवी ओळ सापडेल. जुन्या ओळींची जागाही जाता जाता मोकळी करून घेता येईल. जगात आज जिथे जिथे पोस्टग्रेस चालतो, तिथे तिथे ही युक्ती चालते. तिचं इंग्रजी लघुरूप ‘हॉट’. पोस्टग्रेसच्या प्रकाशन-टिपा चाळल्या तर अशी आपल्या ओळखीची नावं जागोजाग भेटतात. 2009 च्या 8.4 मध्ये निखिल सोनटक्के, 2018 च्या 11 मध्ये आशुतोष बापट. प्रत्येक सुधारणेपुढे कंसात ती करणाऱ्याचं नाव, एवढाच तिथला मान. मला तो फार मोठा वाटतो.

आता उबर. या कंपनीने 2013 मध्ये आपला कारभार मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर नेला. 2016 च्या जुलैत तिच्या अभियंत्यांनी सविस्तर लिहून जाहीर केलं, की आम्ही पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएलकडे जात आहोत. तीन वर्षांत, एकाच कंपनीचे, दोन उलटे निर्णय! 2014 मध्ये ‘उबर वापरतं’ म्हणून ज्याने पोस्टग्रेस घेतला आणि 2016 मध्ये ‘उबरने सोडलं’ म्हणून ज्याने टाकला, त्या दोघांनीही स्वतःच्या कामाकडे पाहिलेलंच नव्हतं. उबरची तक्रार मात्र खरी होती. तिच्या तक्त्यांना पुष्कळ सूच्या होत्या, नोंदी सतत बदलत होत्या, आणि सूचीतली एखादी जरी गोष्ट बदलली तरी ‘हॉट’ची सवलत जाऊन सगळ्या सूच्या पुन्हा लिहाव्या लागत. एका छोट्या बदलापायी लिखाणाचा डोंगर होई. त्याच सुमारास देवलसी यांनी पोस्टग्रेसच्या समुदायापुढे नवा प्रस्ताव ठेवला: जी सूची बदलली तिलाच हात लावायचा, बाकीच्यांना नाही. त्यावर महिनोन्‌महिने जाहीर चर्चा झाली, शंका निघाल्या, मोजमापं झाली, आणि अखेर तो प्रस्ताव मूळ कोडमध्ये घेतला गेला नाही. एका अनुभवी, मान मिळवलेल्या माणसाचं काम समुदायाने पारखून थांबवलं, आणि ते सगळं आजही कुणालाही वाचता येतं. माझा पोस्टग्रेसवरचा विश्वास ज्या गोष्टींनी वाढवला, त्यात हा नकार फार वरचा आहे.

कृषी सेवा केंद्रात कपाशीचं बियाणं घेताना जाणता शेतकरी ‘पाटलांनी कोणतं लावलं’ एवढं विचारून थांबत नाही. पाटलांची विहीर भरलेली, ठिबक बसवलेलं, रान काळं; आपलं मुरमाड आणि पावसावर. त्यांना एकरी भरघोस आलेलं वाण आपल्या रानात तगेल का, हा प्रश्न उरतोच. उबरचं रान चौसाळ्याच्या पतसंस्थेचं रान नव्हे. पतसंस्थेत दिवसभरात काहीशे नोंदी होत असतील. साध्या संगणकावरचा पोस्टग्रेस तेवढ्या नोंदी एका सेकंदात घेतो. सूच्यांच्या लिखाणाचा डोंगर तिथे कधी उभाच राहणार नाही. उलट उबरकडे चोवीस तास जागे अभियंते, दुहेरी वीज, दूरदूरच्या शहरांत ठेवलेल्या प्रती. पतसंस्थेकडे एक संगणक, थकलेल्या बॅटरीचा यूपीएस आणि दिवाळीला गावी येणारा प्रोग्रामर. पतसंस्थेची खरी जोखीम उबरच्या अनुभवात कुठेच सापडणार नाही.

आणि मोठ्यांच्या नजरेतूनही गोष्टी सुटतात. मघाशी ती ग्वाही सांगितली, ‘नोंद डिस्कवर उतरली का?’ डेटाबेसचा सगळा शब्द तिच्यावर उभा आहे. 2018 च्या वसंतात क्रेग रिंगर या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या अभियंत्याने समुदायापुढे एक भयंकर गोष्ट मांडली. डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम ती चूक एकदा सांगत असे, पण न उतरलेली माहिती मात्र ‘उतरली’ म्हणून चिन्हांकित करून मोकळी होत असे. पोस्टग्रेस पुन्हा विचारायचा, आणि दुसऱ्यांदा उत्तर यायचं, ‘सगळं ठीक.’ तो विश्वासाने पुढे जायचा. माहिती गेलेली असायची. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. ॲपल, इन्स्टाग्राम, स्काइप, सगळे वापरत होते; वीस वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण डिस्कची तशी चूक क्वचित होते आणि झाली तर लोक डिस्कला दोष देऊन मोकळे होतात.

दुरुस्ती 14 फेब्रुवारी 2019 रोजी, 11.2 आणि तिच्यासोबतच्या जुन्या आवृत्त्यांच्या सुधारणांमध्ये आली. तिचा विचार मला फार आवडतो. आता पोस्टग्रेसला पहिल्याच वेळी ‘नाही उतरली’ असं उत्तर मिळालं, की तो पुन्हा विचारत बसत नाही. तो स्वतःला तिथल्या तिथे बंद करून घेतो आणि परत उठून नोंदींच्या फायलीवरून सगळं नव्याने उभं करतो. ज्या ग्वाहीवर शंका आली तिच्या आधारे पुढे पाऊल टाकायचं नाही. पुढच्याच वर्षी काइल किंग्जबरी या, डेटाबेसांच्या दाव्यांची परीक्षा घेणाऱ्या तज्ज्ञाने पोस्टग्रेसच्या सगळ्यात कडक व्यवहार-पातळीत 2011 पासून दडलेला एक दोष दाखवला. तोही त्याच वर्षी दुरुस्त झाला.

मोठ्यांच्या पसंतीत आणखी एक धोका आहे, तो म्हणजे वस्तू त्यांना फारच आवडण्याचा. फाउंडेशनडीबी नावाचा एक विलक्षण डेटाबेस होता. मार्च 2015 मध्ये ॲपलने ती कंपनीच विकत घेतली, आणि तो डाउनलोड करण्याची सोय बंद झाली. ज्यांनी त्यावर आपलं काम उभं केलं होतं ते वाऱ्यावर राहिले. ॲपलसारख्या कंपनीने विकत घ्यावा एवढा तो चांगला होता, आणि म्हणूनच इतरांना मिळेनासा झाला. ॲपलने पुढे एप्रिल 2018 मध्ये तो ओपन सोर्स म्हणून खुला केला, पण मधली तीन वर्षं गेलीच. अलीकडे रेडिस या डेटाबेसने 2024 मध्ये आपला खुला परवाना बदलला, तेव्हा त्याच कोडमधून ‘व्हॅल्की’ नावाची खुली शाखा लोकांनी काही दिवसांत उभी केली. कोड आधीपासून खुला होता, म्हणून ते जमलं.

इथे पोस्टग्रेसचा एक संकेत सांगण्यासारखा आहे. त्याच्या मध्यवर्ती मंडळात एकाच कंपनीचे अर्ध्याहून जास्त सदस्य असू नयेत. 2020 मध्ये एंटरप्राइजडीबीने दुसरी एक पोस्टग्रेस कंपनी विकत घेतली आणि पाच जणांच्या मंडळात तिचे तिघे झाले. मंडळाने हे स्वतःहून जाहीर केलं आणि बाहेरचे दोन नवे सदस्य घेऊन समतोल परत आणला. कुणाला कोर्टात जावं लागलं नाही. आपल्या सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांनी हे एक पान वाचावं, असं मनापासून वाटतं.

राहिली ती माणसाच्या हातची चूक. 31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कंपनीचा एक अभियंता दमलेला होता. त्याने पोस्टग्रेसची माहिती पुसायचा आदेश चुकीच्या सर्व्हरवर दिला. सुमारे 300 गिगाबाइटपैकी साडेचार उरले तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मग बॅकअप शोधायला गेले. नेहमीचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण बॅकअप घेणारं साधन 9.2 आवृत्तीचं आणि डेटाबेस 9.6 चा होता. बॅकअप फसल्याचे इमेल जात होते, पण पोचत नव्हते. बॅकअपच्या पाच वाटा होत्या. वेळेला एकही धड कामाची निघाली नाही. एका अभियंत्याने सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी प्रत काढून ठेवली होती, तिने वाचवलं. त्या सहा तासांतलं काम मात्र कायमचं गेलं. पोस्टग्रेसने यात काहीच चूक केली नव्हती. गिटलॅबने सगळी दुरुस्ती यूट्यूबवर जगासमोर केली आणि नंतर चुकीचा तपशील पानं भरून लिहिला. त्या लेखनामुळे जगभरातल्या किती संस्थांनी दुसऱ्या दिवशी आपले बॅकअप उघडून पाहिले असतील!

तेव्हा चौसाळ्याच्या त्या संचालक मंडळाला माझं सांगणं असं. पोस्टग्रेस घ्या, बेलाशक घ्या. ॲपलच्या नावासाठी नको, तर त्याचे दोष उघड लिहिले जातात, तो कुणा एकाच्या मालकीचा नाही आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, म्हणून घ्या. सॉफ्टवेअर करणाऱ्या मुलाला विचारा, आवृत्ती कोणती आहे आणि शेवटची सुधारणा कधी बसवली. लिखाण वेगात व्हावं म्हणून डिस्कच्या ग्वाहीची सोय त्याने बंद तर करून ठेवली नाही ना, हेही विचारा. एका ओळीत ती बंद करता येते. यूपीएसची बॅटरी बदला. बॅकअप इमारतीच्या बाहेर ठेवा. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या, रिकाम्या संगणकावर उभा करून कोणत्याही पाच सभासदांची शिल्लक पासबुकाशी ताडून बघा. ती जुळली तर त्या महिन्यापुरता भरवसा ठेवायला हरकत नाही.